उरस्फोड : एका भीतीचा इतिहास

भाषा ही पुष्कळदा वैद्यकापेक्षा जुनी असते, आणि वैद्यकाने टाकून दिलेल्या समजुती ती खुशाल जपून ठेवते. कोणी जिवापाड कष्ट करू लागला की ‘एवढी उरस्फोड कशासाठी?’ असे आपण विचारतो. माणूस पळतो तो ‘ऊर फुटेपर्यंत’. संसारासाठी राबतो तो ‘रक्त आटवून’. या शब्दप्रयोगांच्या मुळाशी शरीराविषयीची एक कल्पना आहे. छातीच्या पिंजऱ्यात जे धडधडते ते मडक्यासारखे आहे. त्यावर ताण पडला तर ते तडकेल, आणि त्यातला साठा एकदा संपला की पुन्हा भरून येणार नाही, अशी ती कल्पना.

ही कल्पना केवळ आपली नव्हे. मॅरेथॉनच्या रणांगणावरून अथेन्सपर्यंत धावत येऊन, विजयाची वार्ता सांगून तिथेच प्राण सोडणाऱ्या ग्रीक जासुदाची गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना ठाऊक असते. गंमत अशी की, त्या युद्धानंतर काही दशकांतच इतिहास लिहिणाऱ्या हिरोडोटसला ही गोष्ट माहीत नाही. त्याचा धावपटू अथेन्सहून स्पार्टाला जातो आणि सुखरूप राहतो. धावता धावता मरणारा जासूद पाचशेहून अधिक वर्षांनंतरच्या लेखकांनी दिला. गोष्ट टिकली, कारण ऐकणाऱ्यांना ती खरी वाटली. एवढा धावला म्हणजे मरायचाच, असे सर्वांना मनातून वाटत होते.

ही भीती कशी ओसरली, ओसरायला किती काळ लागला आणि तोवर तिची किंमत कोणी मोजली, हा वैद्यकाच्या इतिहासातला एक मनोरंजक भाग आहे.

*

जुन्या वैद्यांनी व्यायामाला विरोध केला, असे मात्र कोणी समजू नये. चरकाने व्यायामाचे जे गुण सांगितले त्यांत शरीराचा हलकेपणा, काम करण्याचे सामर्थ्य, स्थैर्य आणि क्लेश सोसण्याची शक्ती ही सर्व येतात. पण त्यापाठोपाठ मर्यादाही येते. सुश्रुत आणि वाग्भट दोघेही सांगतात की, व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा. अर्धी शक्ती खर्ची पडली हे ओळखायचे कसे? सुश्रुताची खूण मोठी मार्मिक आहे : हृदयाच्या ठायी असलेला वायू तोंडावाटे येऊ लागला, म्हणजेच माणूस तोंडाने श्वास घेऊ लागला, की थांबावे. मर्यादा ओलांडणाऱ्याला चरकाने हत्ती ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. सिंह बलवान खरा, पण त्या खटाटोपात तोच मरतो.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलन या वैद्याने हीच खूण निराळ्या दिशेने धरली. तो तरुणपणी पर्गामम येथे ग्लॅडिएटरांचा वैद्य होता. राबणारी आणि फाटलेली शरीरे त्याने रोज पाहिली होती. त्याच्या मते प्रत्येक हालचाल म्हणजे व्यायाम नव्हे. जिच्यामुळे श्वास बदलतो ती हालचाल व्यायाम. एकाने श्वासावरून व्यायामाचा आरंभ ओळखला, दुसऱ्याने शेवट. निरीक्षण दोघांचेही अचूक होते. कारणाची माहिती मात्र दोघांनाही नव्हती. गेलनला वाटे की हृदय हे उष्णतेची भट्टी आहे आणि श्वास तिला थंड करण्यासाठी आहे. माणूस धावला की भट्टी भडकते, म्हणून श्वास जोराने चालतो. हे स्पष्टीकरण इतके सुटसुटीत होते की ते जवळजवळ दीड हजार वर्षे टिकले.

*

त्याला पहिला धक्का दिला तो विल्यम हार्वेने, १६२८ साली. त्याने एक साधा हिशेब मांडला. हृदय एका ठोक्याला किती रक्त पुढे ढकलते आणि अर्ध्या तासात किती ठोके पडतात, यांचा गुणाकार केला तर तो शरीरातल्या एकूण रक्ताहून अधिक भरतो. इतके रक्त नव्याने तयार होणे शक्य नाही. तेव्हा तेच ते रक्त फिरत असले पाहिजे. भट्टीचा पंप झाला. पुढे १६६४ साली नील्स स्टेन्सेन या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने हृदय हा एक स्नायूच आहे, दुसरेतिसरे काही नाही, असे स्पष्ट सांगितले.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. जोर काढणाऱ्याचे दंड भरतात आणि बैठका मारणाऱ्याच्या मांड्या पिळदार होतात, हे तालमीतल्या पोरालाही कळते. मग हृदय जर स्नायू, तर कामाने तेही झिजण्याऐवजी भरायला नको का? हा प्रश्न त्याच दिवशी विचारता आला असता. तो विचारायला आणखी दोनशे वर्षे जावी लागली. जुनी समजूत नव्या ज्ञानाच्या शेजारी किती निवांतपणे नांदू शकते याचे हे उदाहरण आहे.

दरम्यान श्वासाचे कोडे पॅरिसमध्ये सुटू लागले. फ्रेंच राज्यक्रांतीची धामधूम चालू असताना, १७८९-९० च्या सुमारास, आंत्वान लाव्हाझिए आपल्या प्रयोगशाळेत आर्मां सेगँ या सहकाऱ्याच्या तोंडावर मुखवटा चढवून तो किती प्राणवायू घेतो हे मोजत होता. बाजूच्या मेजावर त्याची पत्नी मारी-आन टिपणे घेत होती. या प्रयोगांची तिने काढलेली चित्रे आजही उपलब्ध आहेत. स्वस्थ बसलेला सेगँ तासाला सुमारे चोवीस लिटर प्राणवायू घेई. पायाने पट्टी दाबून वजन उचलण्याचे काम दिले की तो आकडा अडीच पटींहून अधिक होई. श्वास हा थंडाव्यासाठी नव्हता. तो सावकाश चाललेल्या ज्वलनाचा पुरवठा होता.

या आकड्यांवरून लाव्हाझिएने जे अनुमान काढले ते शास्त्रज्ञाला साजेसे होतेच, पण माणसालाही साजेसे होते. कष्टकरी माणूस स्वतःला अधिक जाळतो, तेव्हा त्याला अन्नही अधिक हवे. प्रत्यक्षात भरपूर खायला मिळते ते न राबणाऱ्याला. हा निसर्गाचा नियम नसून समाजाची रचना आहे, आणि ती बदलता येईल, असे त्याने लिहून ठेवले. पूर्वी सरकारी करवसुलीच्या मक्त्यात भागीदार असल्याबद्दल ८ मे १७९४ रोजी त्याच क्रांतीने त्याचे मस्तक उडवले.

*

हृदयाविषयीची भीती पहिल्यांदा उघड चव्हाट्यावर आली ती इंग्लंडात, आणि तीही होड्यांच्या शर्यतीवरून. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांची वल्हवण्याची शर्यत १८२९ साली सुरू झाली. थेम्स नदीवर चार मैलांहून अधिक अंतर जीव तोडून वल्हवायचे, आणि शेवटी पोरे होडीतच आडवी व्हायची. हे पाहून स्के नावाच्या प्रख्यात शस्त्रवैद्याने १८६७ साली ‘टाइम्स’ला पत्र लिहिले : ही शर्यत म्हणजे तरुणांच्या हृदयांचा नाश आहे. आयांच्या आणि प्राचार्यांच्या काळजाचे पाणी झाले.

याला उत्तर दिले जॉन मॉर्गन या मँचेस्टरच्या डॉक्टरने. तो स्वतः ऑक्सफर्डचा वल्हवणारा. तेव्हा त्याचे मत एका बाजूला झुकलेले असणार, हे उघड होते. पण त्याने मताऐवजी चौकशी केली. १८२९ पासून १८६९ पर्यंत या शर्यतीत उतरलेल्या २९४ जणांचा त्याने एकेक करून माग काढला. कोणी पाद्री झाला होता, कोणी वकील, कोणी परलोकी गेला होता. १८७३ साली त्याने निष्कर्ष छापले. ११५ जणांना फायदा झाला होता, १६२ जणांना काही इजा नव्हती, आणि १७ जणांना अपाय झाल्याचे त्याने प्रामाणिकपणे नोंदवले. विमा कंपन्या वापरतात तशा आयुर्मानाच्या कोष्टकांशी ताडून पाहता, ही ‘फुटलेल्या उराची’ माणसे सर्वसामान्यांपेक्षा सरासरी सुमारे दोन वर्षे अधिक जगत होती.

अर्थात यात एक खोच होती. ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुले खाऊनपिऊन सुखी घरची. आणि शर्यतीसाठी निवडली जातात तीही मुळात धडधाकट. वल्हवण्याने आयुष्य वाढले, की आयुष्य ज्यांचे मोठे होते तेच वल्हवत होते? हा प्रश्न पुढची शंभर वर्षे प्रत्येक संशोधकाच्या मानगुटीवर बसून राहणार होता.

१८९९ साली स्वीडनमधील साल्मोन हेन्शेन या डॉक्टरने बर्फावरच्या लांब शर्यतीत धावणाऱ्यांच्या छातीवर बोटांनी ठोकून त्यांच्या हृदयाचा आकार अजमावला. तो मोठा भरला. पुढे क्ष-किरणांनी तेच दाखवले. त्या काळी मोठे हृदय म्हणजे आजारी हृदय असा सरळ हिशेब होता. हेन्शेनने धैर्याने उलट सांगितले : जे मोठे हृदय अधिक काम करू शकते ते चांगलेच. आज आपल्याला यातली यंत्रणा कळते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. निरोगी तरुण जिवाच्या आकांताने धावतो तेव्हा हा आकडा वीसच्या घरात जातो; पट्टीच्या धावपटूत तो पस्तीसच्याही पुढे जातो. सरावाने ठोक्यांची कमाल संख्या वाढत नाही. प्रत्येक ठोक्यासरशी निघणारे रक्त वाढते. म्हणूनच कसलेल्या धावपटूचे हृदय विश्रांतीत मिनिटाला पन्नासहून कमी ठोक्यांतही आपले काम भागवते. फुप्फुसे सरावाने फारशी वाढत नाहीत. त्यांच्या ठिकाणी मुळातच शिल्लक भरपूर असते. वाढते ते मुख्यतः हृदय, आणि बदलतात ते स्नायू.

पण ही समज रुजेपर्यंत भीतीने आपले काम केले, आणि ते विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रिया प्रथमच आठशे मीटर धावल्या. जर्मनीच्या लीना राडकेने विश्वविक्रम केला. शर्यत संपल्यावर काही जणी गवतावर पडल्या, पुरुषही पडतात. वृत्तपत्रांनी मात्र धाराशायी झालेल्या अबलांची करुण चित्रे रंगवली, आणि ती शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आली. ती परत आली १९६० साली. स्त्रियांची मॅरेथॉन तर थेट १९८४ साली लॉस एंजेलिसला. आपल्याकडच्या बायका या सर्व काळात पहाटे उठून जात्यावर दळण दळत होत्या आणि विहिरीवरून पाण्याच्या घागरी वाहत होत्या. त्यांच्या हृदयाची काळजी मात्र कोणालाच वाटली नव्हती. ही भीतीसुद्धा माणसे पाहून लागत असे.

*

स्नायूंचे कोडे केंब्रिजमध्ये उलगडू लागले. १९०७ साली फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी दाखवले की थकलेल्या बेडकाच्या स्नायूत लॅक्टिक आम्ल साचते आणि प्राणवायू मिळाला की ते नाहीसे होते. ए. व्ही. हिल याने ही गोष्ट बेडकावरून माणसावर आणली, आणि प्रयोगाला पहिला माणूस म्हणून स्वतःलाच घेतले. पाठीवर हवेची पिशवी बांधून तो गवतावर गोल गोल धावे आणि सोडलेला श्वास पिशवीत गोळा करी. त्याला आढळले की वेग वाढवत गेले तरी प्राणवायू घेण्याला एक कमाल मर्यादा येते. त्यापुढचे काम शरीर जणू उसनवारीवर करते आणि थांबल्यावर धापा टाकून कर्ज फेडते. पुढच्या संशोधनाने या चित्रात बरीच दुरुस्ती केली आहे. लॅक्टिक आम्ल म्हणजे निव्वळ कचरा नव्हे, त्याचे क्षार स्नायू आणि हृदय इंधन म्हणून वापरतात, हे आता ठाऊक झाले आहे. पण ती कमाल मर्यादा आजही माणसाच्या दमाचे माप मानली जाते.

ही मर्यादा सरावाने वाढते कशी, याचे एक उत्तर १९६७ साली जॉन हॉलोझी याने उंदरांकडून मिळवले. फिरत्या पट्ट्यावर रोज पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंत प्राणवायू वापरणारी द्रव्ये जवळजवळ दुप्पट झाली होती. पेशीतल्या ज्या सूक्ष्म तंतुकणिकांत अन्नाचे ज्वलन होते, त्या भट्ट्याच वाढल्या होत्या. गेलनची भट्टी खोटी नव्हती म्हणायची. त्याने ती हृदयात ठेवली होती, ती निघाली कोट्यवधींच्या संख्येने दंडा-मांड्यांत. आणि वापरल्याने ती विझत नव्हती, वाढत होती.

*

आणि तरीही, प्रयोगशाळेत हे सर्व चालले असताना, रुग्णालयात भीतीचेच राज्य होते. हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्याला सहा आठवडे बिछान्यातून हलू द्यायचे नाही, हा दंडक होता. त्याला आधारही होता : झटक्यात मृत झालेला हृदयाचा भाग भरून यायला सुमारे सहा आठवडे लागतात, असे शवविच्छेदनांवरून १९३९ साली दाखवण्यात आले होते. हाड मोडले तर बांधून ठेवतात, तसे हृदयही बांधून ठेवावे. पण हृदय बांधून ठेवता येत नाही. बांधला जातो तो माणूस. पडून राहिलेल्या रोग्यांच्या पायांत रक्ताच्या गाठी होत, त्या फुप्फुसात जाऊन अडकत, आणि हृदयाने वाचलेला माणूस बिछान्याने मरे. लंडनच्या रिचर्ड अ‍ॅशर याने १९४७ साली बिछान्याच्या धोक्यांवर एक खुसखुशीत आणि बोचरा लेख लिहिला. बोस्टनच्या सॅम्युएल लेव्हिन याने तरुण बर्नार्ड लाऊनच्या मदतीने रोग्यांना पहिल्या काही दिवसांतच आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली आणि १९५२ साली अशा ८१ रोग्यांचा वृत्तांत छापला. खुर्चीत बसणे हीच तेव्हा केवढी क्रांती होती, हे आज ध्यानात येणे कठीण आहे.

लोकांच्या मनावर ठसा उमटला तो मात्र एका बड्या रोग्यामुळे. सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हर येथे झटका आला. सल्लागार म्हणून आलेले पॉल डडली व्हाइट हे स्वतः सायकलचे भोक्ते होते. त्यांनी अध्यक्षांना हळूहळू चालायला लावले, पुढे गोल्फही खेळू दिले. १९५६ साली आयझेनहॉवर पुन्हा निवडून आले. झटका आलेला माणूस देशाचा कारभार हाकू शकतो, तर कचेरीत जायला काय हरकत आहे, असे जगभरच्या कारकुनांना वाटले असल्यास नवल नाही.

*

या साऱ्या इतिहासातला सर्वांत सुंदर पुरावा मात्र ना प्रयोगशाळेत सापडला, ना रुग्णालयात. तो सापडला बसमध्ये.

जेरी मॉरिस हा गरीब ज्यू स्थलांतरितांचा मुलगा, ग्लासगोत वाढलेला. ब्रिटनमध्ये हृदयविकाराची साथ का पसरते आहे, या प्रश्नाचा तो १९४९ पासून पाठपुरावा करत होता. त्याने निरनिराळ्या धंद्यांतल्या माणसांच्या नोंदी मागवल्या आणि लंडनच्या बसवाल्यांपाशी त्याची नजर अडखळली. चालक आणि वाहक, दोघे एकाच बसमध्ये, एकाच वर्गातले, सारख्याच वस्तीत राहणारे. ऑक्सफर्डची पोरे विरुद्ध बाकीचे जग, असा हा सामना नव्हता. फरक एवढाच की चालक पाळीचा नव्वद टक्के वेळ बसून असे आणि वाहक दुमजली बसचे जिने चढे-उतरे. मॉरिसची माणसे बसमधून हिंडून पायऱ्या मोजत. दिवसाला पाचशे ते साडेसातशे भरत. (मुंबईच्या जुन्या दुमजली बसमध्ये वर एक आणि खाली एक असे दोन वाहक असत, तेव्हा आपल्याकडे हा पुरावा इतका स्वच्छ मिळाला नसता.)

नोव्हेंबर १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात निष्कर्ष आले. अभ्यास होता एकतीस हजार नोकरांचा. वर्षाकाठी हजार चालकांत २.७ जणांना हृदयविकार जडे, तर हजार वाहकांत १.९ जणांना. शिवाय वाहकांना तो उशिरा होई आणि झालाच तर त्यातून वाचण्याची शक्यता अधिक असे. टपाल खात्यातही तेच दिसले : पायी किंवा सायकलने पत्रे वाटणारे पोस्टमन टेबलाशी बसणाऱ्या कारकुनांपेक्षा सुरक्षित होते.

मॉर्गनच्या मानगुटीवरचे भूत येथेही होतेच. ते मॉरिसने स्वतःच बाहेर काढले. त्याने शिंप्यांच्या वह्या तपासल्या आणि १९५६ साली कळवले की चालकांच्या गणवेशाच्या विजारी कमरेला वाहकांपेक्षा मोठ्या असतात, आणि त्याही तरुण वयापासून. म्हणजे दोघे आरंभापासून सारखे नव्हते. स्वतःच्या गाजलेल्या सिद्धांतावर असा घाव घालणारे संशोधक थोडे. मग त्याने पुढची सोळा-सतरा वर्षे या शंकेचे निरसन करण्यात घालवली. सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे सतरा हजार मध्यमवयीन अधिकाऱ्यांना, म्हणजे सगळ्याच खुर्चीबहाद्दरांना, त्याने शुक्रवार-शनिवार कसा घालवला हे सोमवारी सकाळी लिहायला लावले. १९७३ साली उत्तर आले : फावल्या वेळात दम लागेल असा व्यायाम करणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ एकतृतीयांश होते. मॉरिस स्वतः २००९ साली वारला, नव्व्याण्णव वर्षांचा होऊन.

उरलीसुरली शंका डॅलस येथील पाच तरुणांनी मिटवली. १९६६ साली वीस वर्षांच्या या धडधाकट मुलांना वीस दिवस बिछान्यात झोपवून ठेवले. प्राणवायू घेण्याची त्यांची कमाल क्षमता पाऊणपटीपेक्षाही खाली आली. त्यांचे हृदय मिनिटाला वीस लिटर रक्त ढकलू शकत होते, ते पंधरावर आले. मग पंचावन्न दिवस कसून सराव दिला, तेव्हा तोच आकडा जवळजवळ तेवीसवर गेला. तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. पन्नाशीच्या त्या गृहस्थांची क्षमता विसाव्या वर्षी बिछान्यातून उठल्यावर होती त्याहून कमी भरली नाही. तीस वर्षांच्या वार्धक्याने जे केले नव्हते, ते तीन आठवड्यांच्या विश्रांतीने करून दाखवले होते.

*

म्हणून जुने सारे खोटे आणि नवे सारे खरे, असे समजण्याचे कारण नाही. जन्मतःच हृदयाची भिंत विकृत असलेल्या तरुणाला मैदानावर अचानक मृत्यू येऊ शकतो. ज्वरात किंवा नुकत्याच आलेल्या आजारात धावणे धोक्याचे असते. चाळिशीपर्यंत न हललेल्या माणसाने एका सकाळी उठून पर्वती धावत चढू नये. हळूहळू, श्वासाकडे लक्ष ठेवून वाढवत जाणे, हा सुश्रुताचा सल्ला आजच्या डॉक्टरच्या सल्ल्यापासून फार दूर नाही. आणि लाव्हाझिएचा मजूरही अजून विसरता येत नाही. अलीकडच्या काही पाहण्यांत असे दिसते की फावल्या वेळच्या व्यायामाने जे भले होते, ते दिवसभर ओझी वाहण्याने होतेच असे नाही. कारण ओझी वाहणाऱ्याला केव्हा थांबायचे हे ठरवता येत नाही, आणि पुरेशी विश्रांतीही मिळत नाही. श्रम आणि व्यायाम यांत शरीराच्या दृष्टीने फरक थोडा. फरक आहे तो स्वतःच्या इच्छेने थांबता येण्याचा.

आज झटका आलेल्या रोग्यालाही बहुधा एक-दोन दिवसांत उभे करतात, आणि घरी जाताना औषधांबरोबर चालण्याचे वेळापत्रक हाती देतात. पण घरी आल्यावर म्हातारी आजी किंवा काळजीने खंगलेली बायको त्याच्या हातातली पिशवी काढून घेते आणि म्हणते, ‘आता पुष्कळ झाली उरस्फोड, पडून राहा.’ त्या शब्दात माया आहे, आणि दोन हजार वर्षांची भीती आहे. मायेचा मान राखून त्याने हळूच चपला घालाव्यात आणि कोपऱ्यापर्यंत चालून यावे.